नापास कोण?
वर्धा शिक्षणयोजनेतील मराठीचा तास आणि परीक्षा



दिवसभराचे ऊन अंगावर घेऊन नंदनवनातील मंडळी सायंकाळी व्याख्यान ऐकावयास जमतात, याचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो तसा शिक्षकांचा विषय. शाळेतील मातृभाषेचा तास कसा असावा, आणि त्या तासाला मूल काय शिकले हे कशावरून ठरवावे, एवढाच तो प्रश्न आहे. यात कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने तोंड का घालावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे. आठवी पास झाल्याचा दाखला खिशात असलेला मुलगा कारखान्याच्या फाटकाशी आमच्यापाशी येतो आणि रजेचा चार ओळींचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून मागतो. उलट मराठीच्या पेपरात नापास होऊन शाळा सोडलेला माणूस फाटकसभेत उभा राहतो आणि पाचशे माणसांना अर्धा तास जागचे हलू देत नाही. या दोघांपैकी भाषा कोणाला आली? शाळेने दिलेले उत्तर आम्हांस पटत नाही. ते असे का दिले गेले, याचा शोध घेता घेता आम्ही इतिहासात शिरलो.

परीक्षेच्या ज्या रूपाला आपण आज सनातन समजतो ते फार जुने नाही. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने असा नियम झाला की, प्राथमिक शाळेचे सरकारी अनुदान मुलांची हजेरी आणि तपासनिसापुढे वाचन, लेखन व अंकगणित यांत मुलांनी दाखविलेला निकाल यांवर ठरावे. ही 'निकालावर पैसा' देण्याची पद्धत पुढे हिंदुस्थानातही आली आणि मुंबई इलाख्यात रुजली. गिरणीत काम केलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. ती नगावारी मजुरी होय. फरक एवढाच की, येथे नग म्हणजे पास झालेले मूल. नगावर पैसा मिळू लागला की कारागीर तोच तो नग भराभर काढतो, नवे काही करून पाहत नाही. शिक्षकाचेही तसेच झाले. तपासनीस जे पुस्तक वाचावयास देणार तेच वर्षभर वाचून घ्यावयाचे, ते पाठ झाले की मूल वाचते असे म्हणावयाचे. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी स्वतः शाळातपासनीस होते. त्यांनी या पद्धतीला पहिल्यापासून विरोध केला. इंग्लंडात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेली, आणि १९०४ साली कर्झनच्या सरकारनेही आपल्या शैक्षणिक ठरावात तिला रजा दिली. पैसा सुटला, पण मुलाकडे नग म्हणून पाहण्याची नजर मात्र सुटली नाही.

दुसरी नजरही आपल्याकडे होती, आणि ती या नियमाच्याही आधीची आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात शाळा काढल्या. त्या शाळांत मुक्ता नावाची मांग समाजातील एक मुलगी शिकत होती. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. धर्माच्या नावाने आपल्या लोकांना काय सोसावे लागते, बाळंतपणात बायांच्या डोक्यावर छप्परसुद्धा कसे नसते, हे तिने लिहिले. त्या निबंधाला कोणी किती गुण दिले हे आज कोणालाच ठाऊक नाही. निबंध मात्र पावणेदोनशे वर्षे होत आली तरी वाचला जातो. विषय तिच्या वस्तीत होता, सांगण्याची तळमळ तिच्यापाशी होती आणि ऐकणारे वर्गाच्या बाहेर होते. भाषा शिकण्यास याहून अधिक काय लागते? जोतीरावांनीही १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले. त्यात त्यांनी प्राथमिक शाळेसाठी मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब आणि व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले. अक्षर आणि व्यवहार यांची फारकत त्यांना मान्य नव्हती.

आता आपण वर्ध्याकडे वळू. नंदनवनापासून ते पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे, परंतु तेथे काय घडले हे आपल्यापैकी पुष्कळांना 'टकळी आणि सूत' यापलीकडे ठाऊक नसते. १९३७ च्या जुलैत प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. दारूबंदी केली तर अबकारी उत्पन्न बुडणार, आणि मग शाळांना पैसा कोठून आणावयाचा, हा पेच त्यांच्यापुढे होता. त्यातून गांधीजींनी 'हरिजन'मधून आपली शिक्षणाची कल्पना मांडली, आणि २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विनोबा, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, के. टी. शाह, डॉ. झाकिर हुसेन ही मंडळी तेथे होती. मुंबईचे बाळासाहेब खेर आणि आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल हेही होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, एखादा उत्पादक हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे केंद्र, आणि त्यातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा, असे ठराव झाले. तपशील ठरविण्यास झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने डिसेंबरातच आपला अहवाल दिला.

त्या अहवालातील वेळापत्रक साडेपाच तासांचे आहे. मूळ हस्तव्यवसायाला तीन तास वीस मिनिटे. संगीत, चित्रकला व गणित यांना चाळीस मिनिटे. मातृभाषेला चाळीस मिनिटे. समाजशास्त्र व विज्ञान यांना तीस. व्यायामाला दहा आणि मधल्या सुट्टीला दहा. भाषेला फक्त चाळीस मिनिटे, असे म्हणून कोणी नाक मुरडील. परंतु सात वर्षांनंतर मुलाला मातृभाषेत काय यावे, याची जी यादी अहवालाने दिली आहे ती ऐका. त्याला नेहमीच्या गोष्टींविषयी मोकळेपणाने बोलता यावे. दिलेल्या विषयावर सुसंगत बोलता यावे. वर्तमानपत्र मनातल्या मनात झरझर आणि इतरांसाठी मोठ्याने नीट वाचता यावे. अनुक्रमणिका, शब्दकोश व ग्रंथालय वापरता यावे. खाजगी आणि कामकाजाचे पत्र लिहिता यावे. नामवंत लेखकांची ओळख व्हावी. आणि गावात एखाद्या सहकारी कामासाठी सभा भरली तर तिचे इतिवृत्त मुलाला लिहिता यावे!

श्रोतेहो, ही शेवटची ओळ प्रथम वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून स्वस्थ बसलो. कारण आमचे जे काही शिक्षण झाले ते इतिवृत्ताच्या वहीतच झाले. संघटनेत आलो तेव्हा आमच्याकडे वही दिली गेली. पहिल्या सभेचे इतिवृत्त आम्ही एका ओळीत लिहिले : 'बोनसच्या प्रश्नावर चर्चा झाली.' जुन्या जाणत्या सभासदांनी वही परत केली. कोण काय बोलले? ठरले काय? ते कोणी करावयाचे, कोणत्या तारखेपर्यंत? तीन वेळा लिहून चौथ्या वेळी ते मंजूर झाले. पुढे एकदा वाटाघाटीच्या नोंदीत आम्ही 'बोनस दिला जाईल' असे लिहिले. तेव्हा एका वृद्ध विणकऱ्याने विचारले, 'देईल कोण, ते कोठे आहे?' कर्त्यावाचूनच्या वाक्याने माणसाच्या पोटावर पाय कसा येतो, हे त्या दिवशी कळले. शाळेत प्रयोगाचे प्रकार आम्हांला घोकून येत होते. त्यांचा अर्थ मात्र त्या वहीने शिकविला.

वर्धा समितीच्या मनात हेच होते. मूल टकळी चालवील, बाग करील, आरोग्याची फेरी काढील, आणि त्या कामाची रोजनिशी, हिशेब, पत्र, वृत्तांत यांतून भाषा वाढेल. भाषेचे शिक्षण चाळीस मिनिटांत संपत नसून त्या तीन तास वीस मिनिटांतही चाललेले असावे, अशी ही योजना होती. जगात हा विचार एकट्या वर्ध्यालाच सुचला होता असे नाही. अमेरिकेत जॉन ड्यूई यांचे अनुयायी विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली 'प्रकल्प पद्धती'वर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला होता. फ्रान्सच्या दक्षिणेस बार-सुर-लू नावाच्या गावात सेलेस्तँ फ्रेने हा गरीब शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती, त्यामुळे त्याला फार वेळ बोलता येत नसे. १९२४ च्या सुमारास त्याने वर्गात एक लहानसा हातछापखाना आणला. मुलांनी आपल्या घरच्या, शेतावरच्या गोष्टी लिहावयाच्या, वर्गाने मिळून दुरुस्त करावयाच्या, खिळे जुळवून छापावयाच्या आणि दूरच्या शाळेला पाठवावयाच्या. तिकडची मुले उत्तर पाठवीत. खिळा चुकीचा लागला तर ती चूक वाचकाला दिसणार; मग शुद्धलेखनासाठी छडी कशाला हवी?

परंतु वर्ध्याच्या अहवालात आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग परीक्षेचा. त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. चालू परीक्षापद्धती शिक्षणाला शाप ठरली आहे, असे समितीने स्पष्ट म्हटले. सरकारला कारभारासाठी माहिती हवी असेल, तर एखाद्या भागातील शाळांतून काही मुले निवडून त्यांची पाहणी करावी. वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय मात्र शिक्षकाने वर्षभर ठेवलेल्या नोंदींवरून व्हावा. आणि मुले नापास होऊ लागली तर? समितीचा रोख असा : एका वर्गात पुष्कळ मुले नापास होत असतील, तर शिक्षकाचे काम तपासा; साऱ्या शाळेत होत असतील, तर शाळेचा कारभार तपासा; आणि सगळीकडेच होत असतील, तर अभ्यासक्रमात आणि अपेक्षांतच खोट आहे असे समजा. नापासाची खूण मुलाच्या कपाळावर न मारता ती पायरीपायरीने वर न्यावयाची. आम्ही कामगारांत उभे आयुष्य काढले. माल खराब निघाला की प्रथम शेवटच्या हाताला दंड होतो. कापूस कसा होता, यंत्र कसे होते, पाळी किती तासांची होती, हे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न शाळेच्या बाबतीत विचारण्याचे धैर्य या समितीने १९३७ साली दाखविले.

मग हे टिकले का नाही? १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली. आर्यनायकम् आणि आशादेवी यांनी सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघाचे काम मांडले. आपल्या प्रांतात रविशंकर शुक्लांनी दानात मिळालेल्या जमिनींच्या उत्पन्नावर चालणाऱ्या 'विद्यामंदिर' शाळांची योजना आणली. तिच्या नावावरूनच मुसलमान समाजाशी वाद पेटला. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि १९४२ च्या धरपकडीत सेवाग्रामचे कामही विस्कळीत झाले. स्वातंत्र्यानंतर 'बेसिक शाळा' अशा पाट्या पुष्कळ लागल्या. पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द दिला, आणि आपल्या मुलांच्या गुणपत्रिकेत तो एक आणखी विषय होऊन बसला.

ही बाहेरची कारणे झाली. आतले कारण अधिक कडवट आहे. वर्धा परिषदेत के. टी. शाह यांनी स्वावलंबनाच्या कल्पनेवर हरकत घेतली होती. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च काढावयाचा, तर शाळेची वखार होईल आणि मुलांचा माल गरीब कारागिराच्या पोटावर येईल, असा त्यांचा आक्षेप होता. समितीनेही अहवालात इशारा दिला की, शिक्षक मुलांकडून अधिकात अधिक श्रम काढून घेण्याच्या नादी लागतील आणि शिक्षण मागे पडेल. ही भीती खरी होती. सूत मोजता येते. मुलाचे बोलणे किती सुधारले हे तितक्या सहज मोजता येत नाही. कागदावर जे मोजता येते तेच शेवटी टिकते. नगावारी हिशेब मागच्या दाराने पुन्हा आत आला.

आणि श्रमिकांच्या मनातला संशय आम्ही येथे झाकून ठेवणार नाही. साहेबाच्या मुलाला इंग्रजी शाळा आणि आमच्या मुलाला पुन्हा चरखाच का, असे पुष्कळांनी विचारले. मद्रासमध्ये १९५३ साली राजाजींनी शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. ही जातीच्या धंद्याला बांधण्याची युक्ती आहे, असे म्हणून पेरियार आणि इतरांनी तिच्याविरुद्ध रान उठविले, आणि १९५४ साली कामराजांच्या सरकारने ती रद्द केली. तो विरोध आम्हांस न्याय्य वाटतो. कामातून भाषा शिकणे ही एक गोष्ट, आणि मुलाला बापाच्या कामाला जुंपणे ही निराळी. पहिलीचा उद्देश असा की, विणकऱ्याच्या मुलीने आपल्या बापाच्या मजुरीचा करार स्वतः वाचावा. दुसरीचा उद्देश तिने तो वाचू नये, असाच होतो.

आता आजची गोष्ट. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने कृतीतून शिक्षण, शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन या गोष्टी कायद्याच्या भाषेत आणल्या. महाराष्ट्राने २०१० साली त्यासाठी निर्णय काढला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी मूल्यमापनाची साधने शिक्षकाला मिळाली. कागदावर पाहिले तर वर्ध्याचा विचार सत्तर वर्षांनी परत आला. पण आपल्या गल्लीत काय झाले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. 'माझा आवडता सण' या प्रकल्पासाठी मुलगा दुकानातून तयार चित्रे आणतो, आई रात्री अकरा वाजता ती चिकटविते, आणि सकाळी शिक्षक त्यावर 'छान' लिहितात. शिक्षकाला तरी दोष कसा द्यावा? पन्नास मुलांच्या नोंदी, त्यात निवडणुकीचे काम आणि जनगणना. वेळ न देता केवळ वही वाढविली की नोंदी खोट्या होतात, हे कारखान्याचे हजेरीबुक पाहिलेला कोणीही सांगेल. मग लोक म्हणू लागले की परीक्षा नाही म्हणून मुले शिकत नाहीत. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणली.

परीक्षा मुळीच नको, असे आम्ही म्हणत नाही. गरीब आईबापांना आपले मूल खरोखर शिकले की नाही, हे कळलेच पाहिजे; त्यांना शिकवणी लावून खात्री करून घेणे परवडत नाही. पण खात्री कशाची, ते आपण ठरवू या. समजा, आपल्याच भागातील एखाद्या शाळेच्या सातवीच्या वर्गाने वस्तीतील नळाच्या पाण्याचा प्रश्न हाती घेतला. मुले दहा घरी जाऊन विचारतील, पाणी केव्हा येते, किती वेळ येते. उत्तरे टिपतील. वर्गात त्यावर वाद करतील आणि एक मुलगी त्या वादाचे इतिवृत्त लिहील. मग महानगरपालिकेला पत्र जाईल. विषय, दिनांक, मागणी, खाली सह्या. शिक्षकाने पत्राचा पहिला कच्चा खर्डा आणि शेवटची प्रत दोन्ही एकत्र जपून ठेवावीत. या दोहोंमधले अंतर म्हणजे त्या मुलाची प्रगती. ते मोजण्यास गुणपत्रिका लागत नाही. दोन कागद शेजारी ठेवले की निरक्षर आईलाही कोणीतरी वाचून दाखविताच ते कळते. पत्राला उत्तर आले तर उत्तम. न आले तर स्मरणपत्र कसे लिहावे, हा पुढचा धडा.

या कामी आपल्या शहराला दूर जावयास नको. सेवाग्रामच्या त्याच परिसरात २००५ साली नई तालीमची शाळा 'आनंद निकेतन' या नावाने पुन्हा सुरू झाली. येथून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगे ते अंतर आहे. पालकांनी आणि शिक्षकांनी ते एकदा तुडवावे.

शेवटी एक विनंती. परीक्षेचे निकाल लागण्याचे हे दिवस आहेत. शेजारच्या मुलाला 'किती टक्के?' असे विचारण्यापूर्वी त्याला आपले एक पत्र वाचून दाखविण्यास सांगा, किंवा कालच्या भांडणात कोण काय म्हणाले, ते दोन्ही बाजूंनी सांगावयास लावा. ते त्याला आले, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा. न आले, तर वर्धा समितीने सांगितल्याप्रमाणे पायरीपायरीने वर जा : त्याच्या शिक्षकाला वेळ मिळतो का, शाळेत वाचण्यास पुस्तके आहेत का, त्या मुलाचे म्हणणे आजवर कोणी ऐकून घेतले का, हे विचारा. त्या पायऱ्यांवर कोठेतरी आपणही उभे असलेले दिसू. मुलाला नापास म्हणावयाचे ते त्यानंतर.